क्लिप सिलेक्ट होते, पण दिसत नाही: ऑडॅसिटी आणि रीपरमध्ये काय काय तपासायचं

हरिनाम सप्ताहांचे दिवस आले की फोन सुरू होतात. परभणी, जिंतूर, अहमदपूर, अंबाजोगाई, कुठूनही येवो, वाक्य ठरलेलं असतं: "दादा, क्लिक करायलोय, पण सिलेक्ट झालेलं काहीच दिसंना." कुणी दोन तासांच्या कीर्तनातला खोकला काढत असतो, कुणी लग्नाच्या ऑडिओचे तुकडे जोडत असतो, कुणाला रिक्षावर फिरवायची जाहिरात संध्याकाळपर्यंत द्यायची असते. घाईत असलेला माणूस मग ऑडॅसिटी किंवा रीपर, म्हणजे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकतो, आणि दुखणं जिथल्या तिथं राहतं.

ही दुरुस्ती मी इतक्यांना सांगितलीय की आता एकच क्रम ठरून गेलाय. सिलेक्शन झालंच नाही, की झालंय पण डोळ्याला दिसत नाही, हे आधी ठरवायचं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याचा उपाय दुसऱ्याला लावत बसलात तर दुपार जाते.

लक्षणं

यातलं एक जरी जुळलं तरी पुढचं वाचा.

- क्लिपवर, म्हणजे ट्रॅकवरच्या आवाजाच्या तुकड्यावर, क्लिक केलं, डबल-क्लिक केलं, तरी रंगात फरक वाटत नाही.
- डिलीट दाबलं की भलतंच काहीतरी उडतं, किंवा हवं ते उडतं आणि सोबत दुसऱ्या ट्रॅकवरचंही जातं.
- इफेक्ट एका तुकड्याला द्यायचा होता, तो सगळ्या फाइलला बसला.
- सकाळी नीट दिसत होतं, लाइट गेल्यावर दिसेनासं झालं.
- लॅपटॉपवर दिसतं, टीव्हीला किंवा मोठ्या मॉनिटरला जोडलं की दिसत नाही.

दुसरं आणि तिसरं लक्षण हलक्यात घेऊ नका. ऑडॅसिटीच्या प्रेफरन्सेसमध्ये ट्रॅक्स बिहेव्हिअर्स या पानावर 'सिलेक्ट ऑल ऑडिओ, इफ सिलेक्शन रिक्वायर्ड' अशी एक खूण आहे. ती चालू असेल आणि तुमचं सिलेक्शन झालेलंच नसेल, तर नॉइज रिडक्शन, म्हणजे मागची खरखर काढणारा इफेक्ट, अख्ख्या कीर्तनावर चालतं. पखवाजाची धार जाते, टाळ पाण्यातून आल्यासारखे वाजतात, आणि हे कळतं ते ऐकताना. रीपरमध्ये धोका उलट बाजूनं आहे. मघाशी निवडलेली क्लिप स्क्रीनच्या खाली गेलेल्या ट्रॅकवर निवडलेलीच राहते आणि डिलीटसरशी तीही जाते. म्हणून शोध लागेपर्यंत डिलीटला हात लावू नका. काही उडालंच तर कंट्रोल + झेड तिथल्या तिथं, सेव्ह करून बंद करायच्या आत. दोन्ही प्रोग्राममध्ये प्रोजेक्ट बंद झालं की अनडूचा इतिहास साधारणपणे जातो.

आधी सॉफ्टवेअरलाच विचारा

याला खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट, आणि निम्मी प्रकरणं इथंच मिटतात.

ऑडॅसिटीत खालच्या बाजूला सिलेक्शन टूलबार असतो, त्यात सिलेक्शन कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं ते आकड्यांत लिहिलेलं असतं. तो दिसत नसेल तर व्ह्यू मेनूतून टूलबार्समध्ये जाऊन चालू करा. दोन्ही आकडे सारखे असतील तर काहीही निवडलेलं नाही, नुसता कर्सर उभा आहे. आकडे वेगळे असतील तर सिलेक्शन झालंय, गडबड दिसण्यात आहे. खात्री करायची असेल तर स्पेस दाबा. सिलेक्शन असलं की ऑडॅसिटी तेवढाच तुकडा वाजवून थांबते. डोळे मिटूनही हे तपासता येतं.

रीपरमध्ये स्पेसचा हा उपाय चालत नाही, तो पुढं वाजवत जातो. तिथं एफ२ दाबा. क्लिपच्या प्रॉपर्टीजची खिडकी उघडली तर क्लिप निवडलेली आहे, आणि नाव वाचून कोणती तेही कळतं.

आता आकडे बघताना एक बारीक गोष्ट. सुरुवात आणि शेवट यांत दहा-वीस मिलिसेकंदांचाच फरक दिसला, तर क्लिक करताना माउस किंचित सरकलाय. जुन्या माउसवर, टचपॅडवर हे नेहमीचं. तुम्हाला वाटतं कर्सर ठेवला, प्रोग्रामला वाटतं केसाएवढा तुकडा निवडला. अशा वेळी इफेक्ट 'लागतच नाही', कारण तो लागतो त्या केसाएवढ्या तुकड्याला.

झूम

हा हिशोब एकदा करून बघा. दोन तासांचं कीर्तन म्हणजे ७,२०० सेकंद. साध्या लॅपटॉपची स्क्रीन १,३६६ पिक्सेल रुंद. सगळी फाइल एका नजरेत बसवली तर एका पिक्सेलच्या वाट्याला पाच सेकंदांहून जास्त आवाज येतो. महाराजांचा खोकला असतो अर्ध्या सेकंदाचा. तो निवडला तरी त्याची रुंदी एक पिक्सेलसुद्धा भरत नाही. कुठलीही थीम लावा, दिसणार कसा?

ऑडॅसिटीत कंट्रोल + ई दाबलं की निवडलेला भाग स्क्रीनभर पसरतो. परत सगळी फाइल बघायची असेल तर कंट्रोल + एफ. सिलेक्शन भलत्याच मिनिटाला असेल आणि तुम्ही दुसरीकडेच बघत असाल, तर तेही याच एका बटणात कळतं.

स्क्रीनचा कोन, ऊन, बॅटरी

हसू नका. स्वस्त लॅपटॉपमध्ये टीएन जातीचं पॅनेल बरंच आढळतं, आणि त्यात वरून किंवा खालून बघितलं की छटा बदलतात. झाकण थोडं मागंपुढं करून बघा. पत्र्याच्या शेडमधलं दुकान असेल, एप्रिल-मेची दुपार असेल, दाराकडं पाठ करून बसला असाल, तर मागचं ऊन सरळ काचेवर येतं. सिलेक्शनची छटा आधीच फिकी, त्यात हे.

लाइट गेल्यावर दिसेनासं होणं याला कारण आहे. बॅटरीवर गेला की लॅपटॉप प्रकाश कमी करतो, आणि बऱ्याच मशिनवर वीज वाचवण्यासाठी चित्राचा कॉन्ट्रास्टही स्वतःच हलवतो. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ब्राइटनेसखाली, चित्रात काय आहे त्यानुसार ब्राइटनेस बदलण्याचा पर्याय काही लॅपटॉपवर असतो, तो बंद करा. इंटेलचं ग्राफिक्स असेल तर त्यांच्या कमांड सेंटरमध्ये पॉवरच्या पानावर डिस्प्ले पॉवर सेव्हिंग्ज आहे, तेही बंद. इन्व्हर्टर नसलेल्या दुकानात हे दोन पर्याय पहिल्याच दिवशी बंद करून ठेवावेत असं माझं मत आहे. बॅटरी थोडी लवकर उतरेल, उतरू द्या.

नाइट लाइट चालू असेल तर तोही बंद करा. तो निळा रंग कमी करून स्क्रीन पिवळी करतो, आणि निळसर सिलेक्शन करड्यावर विरघळून जातं.

लाटा फुगलेल्या असतील तर

मला सगळ्यात जास्त भेटणारं कारण हे आहे, आणि सांगेपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही.

ऑडॅसिटीत सिलेक्शन मुख्यतः दिसतं ते वेव्हफॉर्मच्या, म्हणजे आवाजाच्या लाटेच्या चित्राच्या, मागच्या पार्श्वभूमीत. लाटेचा स्वतःचा रंग त्यामानानं कमी बदलतो. आता मंडपातलं रेकॉर्डिंग आठवा. मिक्सरवाल्यानं गेन चढवलेला, माइक महाराजांच्या तोंडाला चिकटलेला, मागं पखवाज. फाइल उघडली की ट्रॅक वरपासून खालपर्यंत गच्च भरलेला असतो. पार्श्वभूमी शिल्लकच नाही, मग तिचा बदललेला रंग दिसणार कुठं? त्यात व्ह्यू मेनूतलं 'शो क्लिपिंग' चालू असेल तर आवाज फाटलेल्या प्रत्येक जागी लाल उभी रेघ येते, आणि फाटलेल्या कीर्तनात नुसतं लालभडक दिसतं.

तर: शो क्लिपिंग तात्पुरतं बंद करा. ट्रॅकची खालची कड ओढून उंची वाढवा. ट्रॅकच्या डाव्या बाजूच्या उभ्या मोजपट्टीवर राइट-क्लिक करून झूम रीसेट करा, कारण चुकून उभा झूम वाढला असेल तर शांत रेकॉर्डिंगही फुगलेलं दिसतं.

रीपरमध्ये शिफ्ट धरून वरचा बाण दाबला की लाटा मोठ्या दिसतात, खालच्या बाणानं लहान. हे फक्त दिसण्यापुरतं आहे, आवाजाला धक्का लागत नाही. चुकून शिफ्ट आणि वरचा बाण दाबला गेला की क्लिप ठोकळ्यासारखी भरते, आणि माणूस म्हणतो आवाज फाटला. खालचा बाण दाबत जा, लाट नेहमीसारखी होईल.

ऑडॅसिटीत ट्रॅक स्पेक्ट्रोग्राममध्ये (लाटेऐवजी आवाजाचं रंगीत चित्र) असेल तर सिलेक्शन ओळखणं आणखी अवघड जातं. ट्रॅकच्या मेनूतून परत वेव्हफॉर्मवर या. स्पेक्ट्रोग्राममध्येच काम करायचं असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये रंगसंगती बदलून करडी करून बघा.

निवडलेलं आणि फोकस झालेलं, यातली गफलत

ऑडॅसिटीत एखाद्या ट्रॅकभोवती चौकट आली म्हणजे तो निवडला गेला असं बरेच जण धरतात. ती चौकट फोकसची. वर-खाली बाणानं फोकस एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जातो, सिलेक्शन त्याच्यासोबत जातंच असं नाही. फोकस झालेला ट्रॅक निवडायचा किंवा सोडायचा असेल तर एंटर. आणि तुकडा पूर्ण निवडायचा असेल तर लाटेवर डबल-क्लिक.

ट्रॅक्स मेनूत सिंक-लॉक (ट्रॅक वेळेनं एकमेकांना बांधून ठेवणारा पर्याय) चालू असेल तर आणखी एक घोळ. एका ट्रॅकवर निवडलं की त्याच गटातल्या दुसऱ्या ट्रॅकवर घड्याळाच्या बारीक चित्रांची नक्षी उमटते. ते पूर्ण सिलेक्शन नाही, पण एका ट्रॅकवर कापलं की या दुसऱ्या ट्रॅकवरची वेळही सरकते. बहुतेकांना त्याची गरज नसते, बंद करून ठेवा.

रीपरमध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत: क्लिपचं सिलेक्शन, वेळेचं सिलेक्शन, आणि रेझर एडिट (ट्रॅकवर ओढून आखलेला भाग). वरच्या रूलरवर ओढलं की वेळ निवडली जाते, तिचा उजळ पट्टा सगळ्या ट्रॅकवरून खाली येतो. त्या पट्ट्यातली क्लिप निवडलेली आहे असं वाटतं, पण ती नसते. एस्केप दाबलं की वेळेचं सिलेक्शन जातं, मग क्लिपवर एकदा साधं क्लिक करा आणि फरक बघा. आणि एकीवर क्लिक केल्यावर दोन-तीन क्लिपा एकदम उजळत असतील तर त्या ग्रुप केलेल्या आहेत. ऑल्ट + शिफ्ट + जी नं ग्रुपिंग तात्पुरतं थांबतं.

थीम आणि ट्रॅकचे रंग

इथवर येऊनही दिसत नसेल तर आता रंग बदला. ऑडॅसिटीत कंट्रोल + पी, मग इंटरफेस, तिथं थीम. लाइट, डार्क, क्लासिक आणि हाय कॉन्ट्रास्ट असे पर्याय आहेत. हाय कॉन्ट्रास्ट दिसायला ओबडधोबड आहे, पण दिवसभर कापाकापी करणाऱ्यानं तीच वापरावी. ट्रॅकच्या मेनूत वेव्ह कलर आहे, तिथं लाटेचा रंग निळा, लाल, हिरवा, काळा असा बदलता येतो. प्रत्येक थीमबरोबर एकदा काळा लावून बघा, काही वेळा तेवढंच पुरतं.

छटांचा फरक किती असावा याला मोजमाप आहे. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८ च्या निकषांत बटणं आणि खुणा शेजारच्या रंगापासून निदान ३ ला १ इतक्या वेगळ्या उठून दिसाव्यात असं म्हटलंय. काळं-पांढरं हे टोक धरलं तर ते २१ ला १ आहे. २५५ पैकी १९२ आणि १६० पातळीच्या दोन करड्या छटा शेजारी ठेवल्या तर गुणोत्तर येतं सुमारे १.४. नव्या फॅशनच्या 'सौम्य' थीम अशाच छटांवर उभ्या असतात. स्क्रीनशॉटमध्ये छान दिसतात, कामाला निरुपयोगी. कुठूनतरी उतरवलेली थीम लावली असेल तर आधी ती काढा.

रीपरमध्ये ऑप्शन्स, थीम्स इथून मूळ थीमवर या. तरीही नाही दिसलं तर ट्रॅकला दिलेला रंग बघा. पिवळा, पोपटी, फिका गुलाबी असे रंग दिले की निवडल्यावर क्लिप उजळते, पण आधीच उजळ असलेली आणखी किती उजळणार? ट्रॅकला मध्यम गडद रंग द्या. प्रेफरन्सेसमध्ये अपिअरन्सखाली पीक्स/वेव्हफॉर्म्सच्या पानावर क्लिपच्या पार्श्वभूमीला ट्रॅकचा रंग चढवायचा की नाही याच्या खुणा आहेत, त्या काढूनही बघा.

स्क्रीनशॉटची कसोटी

आता पुढची कामं वेळखाऊ आहेत, म्हणून त्याआधी हे करा. क्लिप सिलेक्ट करून स्क्रीनशॉट घ्या आणि स्वतःच्या मोबाइलवर पाठवा. मोबाइलवर त्या चित्रात सिलेक्शन स्पष्ट दिसत असेल, तर सॉफ्टवेअर निर्दोष आहे. दोष पॅनेलमध्ये, केबलमध्ये किंवा डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये. मोबाइलवरही दिसत नसेल तर दोष थीममध्ये किंवा प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये. स्क्रीनशॉट पॅनेलपर्यंत पोचायच्या आधीच घेतला जातो, म्हणून ही वाटणी होते. एनीडेस्कवरून (लांबून स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम) दुसऱ्याला दाखवून हे ठरवू नका, तिथं वेगासाठी रंग कमी केलेले असू शकतात.

दोष पडद्याकडचा निघाला आणि टीव्ही जोडलेला असेल तर एचडीएमआयची रेंज बघा. संगणक ० ते २५५ पाठवतो, आणि टीव्ही १६ ते २३५ धरून बसलेला असला तर सर्वांत गडद आणि सर्वांत फिक्या छटा एकमेकींत मिसळतात. सिलेक्शनची छटा त्यातच असते. टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआयला पीसी असं नाव द्या, किंवा ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रेंज फुल करा. सगळीच स्क्रीन करडी झाली असेल तर विंडोजचं कलर फिल्टर लागलंय. विंडोज + कंट्रोल + सी नं ते जातं, नाही गेलं तर ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये बंद करा.

सेटिंग मूळपदावर आणणं

दोष प्रोग्रामकडचा निघाला तरच. आधी काम सुरक्षित करा: ऑडॅसिटीत फाइल, सेव्ह प्रोजेक्ट, बॅकअप प्रोजेक्ट. २०२१ मध्ये आलेल्या ३.० पासून सगळं प्रोजेक्ट एका एयूपी३ फाइलमध्ये असतं, आणि ती आतून डेटाबेस आहे. प्रोजेक्ट उघडं असताना ती फाइल पेन ड्राइव्हवर ओढू नका, शेजारी तात्पुरती फाइल असते आणि ताजं काम तिच्यात असू शकतं. शॉर्टकट बदललेले असतील तर प्रेफरन्सेसमधून एक्स्पोर्ट करून घ्या. मग टूल्स, रीसेट कॉन्फिगरेशन.

रीपरमध्ये प्रेफरन्सेसच्या जनरल पानावरून कॉन्फिगरेशन एक्स्पोर्ट करा, आणि विंडोजच्या स्टार्ट मेनूत रीपरच्या फोल्डरमध्ये मूळ सेटिंगसह सुरू करण्याचा वेगळा शॉर्टकट असतो, तो वापरा. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्यानं सहसा काही होत नाही, कारण जुनी सेटिंगची फाइल मागं राहते आणि नवी प्रत तीच उचलते.

इथं थांबा

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला आणि त्यावर सगळं ठीक दिसलं, तर पॅनेल किंवा त्याची आतली केबल गेलीय. झाकण हलवल्यावर चित्र थरथरतं, उभ्या रेघा येतात, अर्धी बाजू काळवंडते, ही त्याचीच लक्षणं. स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका, लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याकडं द्या. दोन्ही पडद्यांवर चित्र बिघडलेलं असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून एकदा टाका. त्यानंही नाही झालं तर मदरबोर्डचा प्रश्न असू शकतो, तो घरी सुटत नाही.

प्रोजेक्ट उघडतानाच त्रुटी येत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. फाइलची एक प्रत बाजूला काढा आणि डेटा वाचवणाऱ्या जाणकाराला गाठा. स्वतः प्रयोग करत राहिलात तर जे वाचू शकलं असतं तेही जातं.

आणखी एक, जे लोक मनाला लावून घेतात. त्याच स्क्रीनवर शेजारच्याला सिलेक्शन सहज दिसतंय आणि तुम्हाला नाही, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर डोळे तपासून घ्या. लाल-हिरव्यातला फरक कमी कळणं पुरुषांत जास्त आढळतं आणि ते जन्मापासून असतं, त्यामुळं त्या माणसाला स्वतःला कित्येक वर्षं कळत नाही. ठिपक्यांच्या चित्रांची इशिहारा चाचणी नेत्रतज्ज्ञाकडं होते, फार वेळ लागत नाही. वय झालेल्यांत मोतीबिंदूमुळं फिक्या छटा आधी धूसर होतात. त्यावर थीम बदलून भागत नाही.

यातलं काहीच लागू पडलं नाही आणि कुणाला विचारायचं असेल तर चार गोष्टी सोबत पाठवा: हेल्पमधून अबाउट उघडून तिथला आवृत्तीचा आकडा, क्लिप निवडलेल्या अवस्थेतला स्क्रीनशॉट, त्याच क्षणी मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा फोटो, आणि सिलेक्शन टूलबारमधले दोन आकडे. नुसतं "दिसंना" असं लिहिलं की समोरचा आधी हेच चार मागतो.